मुलगा रंगांध निघाला, 'दोष' कुणाकडचा? कुसुंबाची पालवी, माकडं आणि एक्स गुणसूत्र

पाटीपेन्सिल

परवा आरोग्याच्या धाग्यावर एका ताईंनी विचारलं होतं: मुलगा भरतीच्या मेडिकलला 'कलर ब्लाइंड' म्हणून बाद झाला, आणि आता सासरी सगळे म्हणतायत की आमच्या घराण्यात असलं काही नाही, हे तुमच्याकडचं. तिथे दोन ओळींत उत्तर देऊन भागलं असतं. पण बरीच वर्षं कॉलेजात जैविक मानवशास्त्र शिकवलंय, हात आवरला नाही. म्हणून वेगळा धागा. लांबलाय, चहा घेऊन बसा.

आधी सासरच्यांचा निकाल लावू. लाल-हिरव्याचा गोंधळ मुलाला आईकडूनच येतो, हे खरं आहे. ती जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि मुलाला एक्स मिळतो तो आईचा. बापाकडून त्याला वाय येतो. पण 'आईकडून आलं' म्हणजे 'आईचा दोष' नव्हे. ज्या मांडणीमुळे हा गोंधळ होतो, त्याच मांडणीमुळे सासरच्या मंडळींना स्वतःला लाल आणि हिरवा वेगळा दिसतोय.

डोळ्याच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या शंकूपेशी असतात, एका डोळ्यात साठेक लाख. त्यांचे तीन प्रकार, आणि प्रत्येकात ऑप्सिन नावाचं वेगळं प्रथिन. एक ४२० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशाला सगळ्यात जास्त दाद देतं, दुसरं ('हिरवं' म्हणतात ते) ५३० च्या, तिसरं ('लाल' म्हणतात ते) ५६० च्या. आकडे पुन्हा एकदा बघा. पहिलं कुठल्या कुठे लांब आणि बाकीचे दोघे एकमेकांना चिकटून. एखाद्या इंजिनियरने डोळा बनवायला घेतला असता तर तिन्ही समान अंतरावर ठेवली असती. उत्क्रांतीने तिसरं ऑप्सिन नव्याने घडवलेलंच नाही. होतं त्याची जादा प्रत निघाली आणि तिच्यात थोडे फेरफार झाले.

पृष्ठवंशी प्राण्यांच्या आदिम पूर्वजाकडे अशी चार ऑप्सिनं होती. पक्ष्यांनी ती चारही आजवर सांभाळलीत. सस्तन प्राण्यांचे पूर्वज मात्र डायनासोरांच्या काळात रात्रीचे फिरायचे. अंधारात रंगांचा उपयोग काय? त्यांची दोन गेली, दोन उरली. म्हणून गाय, घोडा, कुत्रा, मांजर हे सगळे आजही दोन-रंगी. पोळ्याला आपण हौसेने बैलाची शिंगं लाल-हिरवी रंगवतो, त्यातला फरक बैलाला कळत नाही. स्पेनमधला बैलही लाल कापडाच्या रंगावर चिडत नाही, ते फडफडतं म्हणून धावून जातो.

मग साधारण तीन-चार कोटी वर्षांपूर्वी आफ्रिका-आशियातल्या माकडांच्या एका पूर्वजात एक्स गुणसूत्राच्या टोकाला असलेलं ऑप्सिनचं जनुक दुप्पट झालं. मूळ आणि प्रत शेजारी शेजारी राहिली आणि कालांतराने दोघींत थोडा थोडा बदल होत गेला. ही प्रथिनं ३६४ अमिनो आम्लांची आहेत आणि दोघांत फरक आहे तो जेमतेम १५ ठिकाणी. त्यातल्याही १८०, २७७ आणि २८५ या तीन जागाच बहुतेक सगळं काम करतात. तेवढ्या फरकावर पिकलेली मिरची हिरव्या मिरचीपासून वेगळी दिसते. आपल्याकडचं लाल तोंडाचं माकड, काळ्या तोंडाचं वानर, गिबन, चिंपांझी आणि आपण, सगळे त्या एकाच पूर्वजाचे वारस.

आता घोळ कुठे होतो ते. बाईच्या शरीरात बीजांड तयार होताना तिची दोन एक्स गुणसूत्रं शेजारी येतात आणि तुकड्यांची अदलाबदल करतात. एरवी हे बिनबोभाट पार पडतं. पण जिथे एकसारख्या दिसणाऱ्या दोन प्रती लागून आहेत तिथे जोडणी सरकते. पोथीची नक्कल करणाऱ्याची नजर जशी एका ओळीवरून तशाच दिसणाऱ्या पुढच्या ओळीवर घसरते आणि मधला मजकूर गळतो, किंवा तीच ओळ दोनदा लिहिली जाते, तसं. एका एक्सवर एक जनुक कमी पडतं, दुसऱ्यावर जास्तीचं चढतं. कधी अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं असं धेडगुजरी जनुक बनतं. अशा एक्सचा मुलगा झाला की त्याला दुसरा एक्स नसतो, उणीव भरून निघत नाही. ही सरकासरकी त्या ताईंच्या शरीरात झाली असेल, त्यांच्या आईच्या, किंवा वीस पिढ्यांपूर्वीच्या कुठल्या पणजीच्या. शोधत बसण्यात अर्थ नाही.

युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरातल्या आठांना हे असतं, बायकांत दोनशेत एखादीला. आशिया-आफ्रिकेत प्रमाण याहून कमी, पण दुर्मीळ कुठेच नाही. 'आमच्या घराण्यात नाही' म्हणणाऱ्यांनी घरातल्या सगळ्या पुरुषांची एकदा चाचणी करून घ्यावी. घरातल्या घरात करमणूक होईल.

---

जास्वंद

त्या ताई मीच. सर, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. दोनदा वाचलं.

पण एक कळलं नाही. मला सगळे रंग दिसतात. साड्यांच्या दुकानात बारीकसारीक छटा मीच ओळखते. माझ्या सख्ख्या भावालाही काही नाही. मग मुलाकडे गेलं कुठून? आणि मला मुलगीही आहे, तिचं काय?

---

पाटीपेन्सिल

जास्वंदताई, तुमच्याकडे दोन एक्स आहेत. एकावर बिघाड असेल तर दुसरा सांभाळून घेतो. त्यातही एक गंमत आहे. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू असतो, दुसरा गुंडाळून ठेवलेला. मेरी लायन यांनी हे १९६१ साली मांडलं. कुठल्या पेशीत कुठला चालू राहणार हे भ्रूणावस्थेतच, जवळपास नाणेफेक करून ठरतं. म्हणजे तुमच्या डोळ्यात काही शंकूपेशी आईच्या एक्सवर चालतात, काही वडिलांच्या. ज्या नीट चालतात तेवढ्या पुरतात, म्हणून तुम्हाला सगळे रंग दिसतात.

भावाचं म्हणाल तर आईचे दोन एक्स. तुम्हाला एक गेला, भावाला दुसरा गेला असेल. मुलगी वाहक (स्वतःला सगळे रंग दिसतात, पण जनुक पुढे देऊ शकते अशी) असण्याची शक्यता निम्मी. ती रंगांध व्हायला वडीलही रंगांध लागतात. आणि सासरी हेही सांगा की रंगांध बापाचं जनुक मुलाकडे कधीच जात नाही, पण प्रत्येक मुलीकडे जातं. तुमचा मुलगा हे पुढच्या 'घराण्याला' देणार नाही, नातींमार्फत दुसऱ्यांच्या घराण्यात पाठवेल.

---

खारीबिस्कीट

हजर! मी पण त्या आठातला (की आपल्याकडे आहे त्या आकड्यातला).

लोकांना वाटतं आम्हाला जग जुन्या सिनेमासारखं काळंपांढरं दिसतं. तसं नसतं हो. निळा-पिवळा झकास दिसतो. घोळ होतो तो हिरवा, तपकिरी, नारिंगी, लाल या पट्ट्यात. जांभळा मला निळाच. लहानपणी जांभळाला जांभूळ का म्हणतात ते कळायचं नाही. मोबाईलच्या चार्जरचा दिवा लाल आहे की हिरवा, हे अजूनही बायकोला विचारतो. सिग्नलचा हिरवा मला पांढुरका दिसतो, रात्री रस्त्यावरच्या दिव्यांत मिसळतो, म्हणून वरचा-खालचा बघून चालवतो. आंबा देठाशी हुंगून घेतो, रंगावर विश्वास नाही. त्यामुळे बाजारात मला कुणी फसवू शकत नाही, रंग चढवून पेटीत भरलेला आंबा मला भुलवतच नाही.

पळस मात्र लागतो जिव्हारी. सगळे गाडीतून ओरडतात 'अरे तो बघ पळस', मी म्हणतो 'हो हो, छान'. जवळ गेल्यावर फुलांच्या आकारावरून कळतो.

---

भोचक

वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ते एक्स गुणसूत्राचं कोलांटीउडी प्रकरण जरा इस्कटून सांगा राव, पोथीपर्यंत कळलं, पुढे पोथीच मिटली.

---

पाटीपेन्सिल

:) समजा एका एक्सवर मांडणी आहे ला-हि (लालचं, मग हिरव्याचं), दुसऱ्यावरही ला-हि. नीट जुळले तर अदलाबदल होऊनही दोन्हीकडे ला-हि. पण खालच्याचा 'ला' वरच्याच्या 'हि'समोर आला (दोघं जवळपास सारखेच, त्यामुळे हे होतं) आणि मधल्या जागेत तुटून जोडलं गेलं, तर एक निघेल नुसता 'ला' आणि दुसरा 'ला-हि-हि'. नुसता 'ला' ज्या मुलाला गेला तो रंगांध. 'ला-हि-हि' गेला त्याचं काही बिघडत नाही, माणसांत हिरव्याच्या दोन-तीन प्रती असणं सर्रास आहे. आणि तुटणं जनुकाच्या आतच झालं तर संकर जनुक. त्यात ऑप्सिन बनतं, पण दोन्हींची शिखरं (ज्या प्रकाशाला सगळ्यात जास्त दाद मिळते ते आकडे) आणखी जवळ येतात, म्हणजे फरक दिसतो पण फिका. बहुतेक 'रंगांध' पुरुष या सौम्य प्रकारातले असतात.

---

शंकेखोर

लेख चांगला. पण एक नेहमीचा आक्षेप. उत्क्रांतीवाल्यांना प्रत्येक गोष्टीचा 'उपयोग' सापडतोच. जनुक दुप्पट झालं, ठीक. टिकलं का? 'फळं दिसावीत म्हणून' हे शाळेच्या पुस्तकातलं उत्तर मला पटत नाही. पिकलेली कितीतरी फळं वासानेच कळतात. खारीबिस्कीट यांनी स्वतःच सांगितलंय.

---

पाटीपेन्सिल

आक्षेप रास्त आहे आणि शास्त्रज्ञांतही यावरून जुंपलेली आहे. फळांची कल्पना १९व्या शतकापासूनची. तिच्यासमोर २००१ साली नॅथॅनिएल डॉमिनी आणि पीटर लुकास यांनी वेगळंच काही ठेवलं. युगांडातल्या किबाले जंगलात त्यांनी चिंपांझी आणि तीन जातींची माकडं काय काय खातात ते तपासलं. फळं बरीचशी निळ्या-पिवळ्या फरकावरही ओळखता येत होती. पण कोवळी पानं लाल-हिरव्या फरकाशिवाय धड हुडकता येत नव्हती, आणि पान जितकं लालसर तितकं ते मऊ आणि प्रथिनांनी भरलेलं. फळं नसतात त्या दिवसांत जीव तगवणारं अन्न हेच.

मला ही बाजू जास्त पटते, आणि त्याला कारण युगांडा नाही. चैत्रात पिंपळाची पालवी बघा, तांबूस गुलाबी. आंब्याची तांब्यासारखी. आणि कुसुंब! सह्याद्रीत किंवा विदर्भात फाल्गुन-चैत्रात अख्खं झाड लालभडक होतं, लांबून फुलांचा बहर वाटावा, आणि जवळ गेलं तर नुसती पानं. नव्या पानात हरितद्रव्य भरायच्या आधी तांबडं द्रव्य असतं, त्यामुळे हे होतं. दोन-रंगी डोळ्याला हे झाड बाकीच्या जंगलात विरघळून जातं.

तिसरीही एक कल्पना आहे: उघड्या त्वचेवरचं रक्त, म्हणजे राग, लाज, माजावर येणं, हे चेहऱ्यावर वाचायला लाल-हिरवा लागतो. ज्या प्राइमेटांना (माकडं, वानरं, माणूस या गटाला) तीन रंग आहेत त्यांचे चेहरे बहुधा उघडे, हे खरं. पण मला वाटतं चेहऱ्याचा उपयोग नंतर लागला. आधी पोट.

---

रानभूल

मेळघाटात बरीच वर्षं काढलीत, म्हणून थोडं लिहितो. कुसुंबाचं म्हणता ते बरोबर, आमच्याकडे कुसुमच म्हणतात. पण मला सांगायचं आहे ते वाघाचं.

नवीन पाहुणे विचारतात, वाघ इतका भगवा, लपतो कसा? अहो, तो तुमच्यासाठी भगवा. चितळाला, सांबराला दोनच रंग, त्यांना तो भगवा गवताच्या हिरव्यातच जमा. हललाच तर कळणार. वानराचं तसं नाही. तो झाडावर उंच बसतो आणि त्याला तो भगवा भगवाच दिसतो. त्याचा 'खकर' 'खकर' आवाज आला की खाली चितळ कान टवकारतं. गाइडही आधी वानराचंच ऐकतो. चितळं वानरांच्या झाडाखाली उगाच नसतात. एक तर वरून टाकलेली कोवळी पानं, उंबरं आयती मिळतात, आणि दुसरं म्हणजे फुकटची राखण.

आणि वानराच्या पोटात गाईसारखे कप्पे असतात, पानं आंबवून पचवायला. त्याच्यावरही कधीतरी लिहा.

---

पाटीपेन्सिल

रानभूल, काय सुंदर लिहिलंत! वाघाचा भगवा चितळाला हिरवटच दिसतो, बरोबर. सस्तन प्राण्यांना केसांत हिरवं रंगद्रव्य बनवता येत नाही, पण सावजच दोन-रंगी असेल तर भगव्यावर भागतं.

पोटाचंही थोडक्यात. आपल्या अश्रूंत, लाळेत लायसोझाइम नावाचं जिवाणू फोडणारं एन्झाइम असतं. गाईने ते पोटात कामाला लावलं, पानं आंबवणारे जिवाणूच पचवायला. हनुमान लंगुराने, म्हणजे तुमच्या वानराने, तेच केलं, गाईशी जवळचं नातं नसताना, आणि त्याच्या लायसोझाइममध्ये काही बदल गाईच्याच जागी, गाईसारखेच झाले. १९८७ साली हा शोध 'नेचर'मध्ये आला तेव्हा रेणूंच्या पातळीवर असं दोनदा घडतं याचं लोकांना फार अप्रूप वाटलं होतं. मूळ मुद्द्यावर येतो.

---

सातासमुद्रापार

रंगांबद्दलही 'दोनदा' आहे की! इथे आल्यावर कोस्टा रिकाला गेले होते, तिथे हाऊलर माकडं. पहाटे जे काही ओरडतात ते ऐकून आपल्या गल्लीतली कुत्री बरी वाटावीत. वाटाड्या म्हणाला या माकडांना तीन रंग दिसतात, आणि शेजारच्याच झाडावरच्या कॅपुचिन माकडांत काहींना दोन, काहींना तीन. एकाच जातीत असं कसं?

---

पाटीपेन्सिल

हा या विषयातला माझा सगळ्यात लाडका भाग आहे, त्यामुळे जरा रेंगाळतो.

दक्षिण-मध्य अमेरिकेतल्या बहुतेक माकडांत एक्सवर ऑप्सिनचं एकच जनुक, प्रत निघालेली नाही. पण त्या एका जनुकाच्या दोन-तीन आवृत्त्या कळपात फिरत असतात. नराला एक एक्स, म्हणजे एकच आवृत्ती, म्हणजे सगळे नर दोन-रंगी. मादीला दोन एक्स. दोन्हींवर वेगवेगळ्या आवृत्त्या आल्या तर ती तीन-रंगी, सारख्याच आल्या तर दोन-रंगी. एकाच आईच्या दोन मुली वेगळं जग बघतात. हाऊलरांत मात्र जनुक दुप्पट झालंय, आपल्यापेक्षा वेगळ्या वेळी, स्वतंत्रपणे. जेराल्ड जेकब्स आणि सहकाऱ्यांनी ते १९९६ साली दाखवलं. आणि हाऊलर खातात काय? मुख्यतः पानं. शंकेखोर, तुमच्यासाठी.

आता प्रश्न: कॅपुचिनांत दोन-रंगी टिकून का राहिले? अमांडा मेलिन यांच्या गटाने कोस्टा रिकातल्याच सांता रोसाच्या जंगलात माकडांच्या विष्ठेतून डीएनए काढून कुणाला किती रंग दिसतात ते आधी ठरवलं आणि मग ती माकडं काय खातात ते तासन् तास नोंदवलं. फळं खाण्याचा वेग तीन-रंगींचा जास्त. पण पानांच्या रंगात लपलेले किडे पकडण्यात दोन-रंगी सरस, त्यातही सावलीत जास्त. रंग कमी दिसला की आकार आणि पोत उठून दिसतात, तीन-रंगींना तोच रंगांचा गलबला चकवतो.

माणसांतही हे दिसतं. १९९२ साली केंब्रिजच्या जॉन मोलन आणि सहकाऱ्यांनी एका पटावर रंगांचा गोंधळ घालून आत एक वेगळ्या पोताचा चौकोन लपवला. तो रंगांध लोकांनी झटकन शोधला, बाकीचे चाचपडत बसले.

---

खारीबिस्कीट

हे प्रिंट काढून ऑफिसात लावतो. क्रिकेट खेळताना झाडीत हरवलेला चेंडू मलाच सापडायचा, त्याचं श्रेय मी आजवर गुडघे टेकून शोधण्याला देत होतो!

(लाल चेंडू हिरव्या गवतावर मात्र दिसत नाही. ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू वेडही रंगांध आहे आणि तरी कसोटीत यष्टिरक्षण करून आलाय. गुलाबी चेंडूचा त्याला त्रास व्हायचा म्हणे. त्यामुळे माझ्या गल्ली क्रिकेटच्या अपयशाला दुसरं काहीतरी कारण असणार.)

---

शंकेखोर

कॅपुचिनचं मान्य. हाऊलरचंही. पण मग माणसांत, पुरुषांत आठ टक्क्यांपर्यंत, हे प्रमाण इतकं जास्त कसं? आपण तर फळं-पानं दोन्ही खाणारे. नैसर्गिक निवड असती तर हे छाटलं गेलं असतं.

---

पाटीपेन्सिल

नेमका प्रश्न. जावामधल्या पांगंदरानच्या माकडांत जपानी संशोधकांनी १९९९ साली आपल्यासारखंच संकर जनुक शोधलं, पण त्याच जातीच्या शेकडो नरांत ते जेमतेम दोन-तीनांत सापडलं. रानातल्या माकडांत शंभरात अर्धाही नाही आणि माणसांत आठपर्यंत.

जुनं उत्तर असं की शेती सुरू झाल्यावर अन्न हुडकायची गरज राहिली नाही, निवड सैल पडली. ऐकायला बरं वाटतं, पण मी वर्गात ते जपून सांगायचो. त्यातून 'रानटी लोकांत कमी, सुधारलेल्यांत जास्त' अशा वर्गवाऱ्या निघाल्या आणि त्यांचा वास चांगला नाही. दुसरं कारण जास्त यांत्रिक आहे: माणसांत हिरव्याच्या प्रती जास्त, म्हणजे सरकायला जागा जास्त. प्रतीच जास्त असतील तर चुका जास्त होणारच, त्याला संस्कृतीची गरज नाही.

आणि 'चूक' तरी कुणाची म्हणायची? मघाशी १८० वी जागा म्हटलं ना, लाल ऑप्सिनमध्ये तिथे काही लोकांत सेरीन हे अमिनो आम्ल असतं, काहींत अ‍ॅलनीन. युरोपीय पुरुषांत साधारण ६०-४० असं. दोघेही इशिहाराच्या (रंगीत ठिपक्यांतला आकडा ओळखायच्या) चाचणीत पास, दोघांनाही 'नॉर्मल' म्हणतात, पण लालचं शिखर दोघांत काही नॅनोमीटर हललेलं असतं. दोन धडधाकट माणसं एकच मरून रंग किंचित वेगळा बघतात.

---

तिरफळ

म्हणजे 'हा मरून नाही, हा डाळिंबी आहे' यावरून गेली वीस वर्षं आमच्याकडे जे चाललंय ते जनुकांवर ढकलता येईल! दंडवत.

गंभीर प्रश्न: आमच्या गावाकडे मामाच्या मुलीशी लग्न अजूनही होतात. त्याने हे वाढतं का?

---

पाटीपेन्सिल

मुलग्यांत विशेष फरक नाही, त्यांना एकच एक्स लागतो. मुलींत पडतो. उदाहरण घ्या. मामा रंगांध. त्याची बहीण, म्हणजे आई, वाहक आणि तिचा मुलगा रंगांध. मामाची मुलगी तर वाहक असणारच, बापाचा एकुलता एक्स तिच्याकडे गेलाय. या भाच्याने मामाच्या मुलीशी लग्न केलं तर होणारी प्रत्येक मुलगी रंगांध असण्याची शक्यता निम्मी. एरवी बायकांत दोनशेत एक!

पूर्ण रंगांधत्वाची गोष्ट मात्र निराळी. मायक्रोनेशियात पिंगेलॅप नावाचं इवलंसं बेट आहे. १७७५ च्या सुमारास वादळाने ते झोडपलं, वीसेक माणसं उरली, त्यातला राजा एका दोषी जनुकाचा वाहक. पुढच्या पिढ्या आपसात लग्न करत वाढल्या. आज तिथे शंभरात पाच-दहा जणांना कुठलाच रंग दिसत नाही आणि भर उन्हात डोळे उघडवत नाहीत. ते जनुक एक्सवर नाही, आई आणि वडील दोघांकडून यावं लागतं. जवळच्या नात्यातल्या लग्नांत खरी भीती असते ती अशा जनुकांची.

---

जास्वंद

सर, मुलगा धागा वाचतोय. त्याचा प्रश्न आहे की जाहिरातीत दिसतात ते चश्मे घेऊ का? आणि यावर काही उपचार?

---

पाटीपेन्सिल

चश्मा लाल आणि हिरव्याच्या मधला प्रकाशाचा पट्टा गाळून टाकतो, त्यामुळे काही रंग जास्त वेगळे भासतात. नवी शंकूपेशी तो देऊ शकत नाही. मेडिकलला तो चालणार नाही, आणि हजारो रुपये घालण्याआधी कुणाचा तरी लावून बघावा.

उपचाराचं: सिएटलच्या जे आणि मॉरीन नाइट्झ यांच्या प्रयोगशाळेने २००९ साली जन्मतः दोन-रंगी असलेल्या स्क्विरल माकडांच्या डोळ्यात विषाणूमार्फत माणसाचं लाल ऑप्सिनचं जनुक घातलं. माकडं मोठी झालेली, मेंदू घडून गेलेला, तरी सुमारे वीस आठवड्यांनी ती पूर्वी न दिसणारे लाल-हिरवे ठिपके ओळखायला लागली. एका माकडाचं नाव डाल्टन.

मूळचे डाल्टन म्हणजे अणुसिद्धांतवाले जॉन डाल्टन. ते स्वतः रंगांध होते आणि १७९४ साली मँचेस्टरला त्यांनी आपल्याच डोळ्यांवर व्याख्यान दिलं. त्यांची समजूत, डोळ्यातलं पाणी निळं असणार. मेल्यावर तपासा म्हणून सांगून ठेवलं. १८४४ साली ते वारले, डॉक्टरांनी डोळा फोडला, पाणी स्वच्छ. डोळ्याचे अवशेष मात्र जपून राहिले आणि १९९५ साली त्यातून डीएनए काढला, तर हिरव्याचं ऑप्सिन गायब! माणसाच्या डोळ्यात असली शस्त्रक्रिया अजून उपचार म्हणून उपलब्ध नाही. 'अमुक दिवसांत रंगांधत्व बरं' अशी जाहिरात दिसली तर फोन ठेवून द्या.

---

भोचक

पण सर, नोकऱ्यांचं काय? पोरगं बाद झालं ते झालंच ना?

---

खारीबिस्कीट

मी सांगतो, यातून गेलोय. रेल्वेचं इंजिन, विमान, सैन्यातली बरीच पदं यांत अट कडक आहे आणि इंजिनापुरती मला पटते, तिथे सिग्नलचा रंग चुकला तर मागे हजार माणसं बसलेली असतात. पण बाकी ठिकाणी नुसता 'कलर ब्लाइंड' शिक्का मारून मोकळे होतात, सौम्य की तीव्र हेही लिहीत नाहीत. ड्रायव्हिंग लायसन्सचा नियम जून २०२० मध्ये बदलला, सौम्य आणि मध्यम असलेल्यांना मिळतं. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट शिक्षण संस्थेत एका विद्यार्थ्याला संकलनाच्या अभ्यासक्रमाला याच कारणाने नाकारलं होतं, तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२२ साली न्यायालयाने सांगितलं की सगळे अभ्यासक्रम रंगांध मुलांनाही खुले ठेवा.

ताई, मुलाची चाचणी परत करून घ्या. इशिहाराच्या पुस्तकाने (ते १९१७ सालचं!) एवढंच कळतं की गोंधळ आहे. किती आहे ते कळायला अनोमॅलोस्कोप (रंग जुळवून बघायचं यंत्र) किंवा रंगीत चकत्या क्रमाने लावायची चाचणी लागते. मोठ्या नेत्र रुग्णालयात विचारा. रिपोर्टवर प्रकार आणि तीव्रता दोन्ही लिहून मागा. आणि बारावीनंतर फॉर्म भरायच्या आधी करा, नंतर नाही. मला सव्विसाव्या वर्षी कळलं.

---

जास्वंद

खूप खूप आभार, दोघांचेही. सोमवारी नंबर लावतेय. मुलगा म्हणतो त्याला कॅपुचिन माकडांबद्दल आणखी वाचायचंय, नोकरीचं नंतर बघू. सासूबाईंना 'ला-हि' समजावून झालं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग माझ्या भावाला लहानपणी पिकलेली करवंदं वेचता यायची नाहीत ते यामुळेच का गं?

---

पाटीपेन्सिल

ताई, करवंदं पिकली की काळीच पडतात, त्यामुळे त्यावरून काही सांगता येणार नाही. मामेसासऱ्यांना इशिहारा दाखवा. पण ते रंगांध निघाले तरी ते सासूबाईंच्या माहेरचं. सासूबाईंचा एक्स तुमच्या यजमानांकडे आला, तिथून तुमच्या मुलीकडे जाईल, मुलाकडे नाही. त्यामुळे यजमानांचीही चाचणी करा. तेही रंगांध निघाले तर मुलीचीही करावी लागेल, मघाचं मामाच्या मुलीचं गणित तिथे लागू पडतं.

---

भोचक

सासूबाईंचं माहेर! हे बेस्ट होतं. रिपोर्ट आला की धागा वर काढा.